कडुनिंबाखालची जागा

बाबा, मी तुमचा धाकटा मुलगा, वाणिज्य पदवीधर, वय पंचावन्न, अकोल्यात एका पतसंस्थेचा व्यवस्थापक. तुम्हाला जाऊन बावीस वर्षे झाली. त्याआधीच्या एका रविवारचा खुलासा राहून गेला, तो करण्यासाठी हे लिहितो आहे.

कॉलेजसाठी मी अमरावतीत खोली घेऊन राहत होतो. दर रविवारी तुम्ही धारणीच्या गाडीने डबा घेऊन यायचात आणि बसस्थानकाच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभे राहून लांबूनच ओरडायचात, "अबे ए सायेब, इकडं पाय ना!" एकदा माझे मित्र हसले. मी तुम्हाला बजावले, "हाका मारत जाऊ नका. झाडाखाली थांबा, मी शोधून घेईन." तुम्ही म्हणालात, "बरं बावा, नाई मारत."

त्या रविवारी मी फाटकातून आत येतो. झाडाखाली तुम्ही नाही. घड्याळ पाहतो, पुन्हा झाडाकडे पाहतो, दहा मिनिटे थांबतो आणि निघून जातो. पुढच्या खेपेस डबा हातात देत तुम्ही म्हणालात, "पायात काटा रुतला होता, म्हून समोरच्या बाकड्यावर बसलो होतो. तू मले कुठी शोधलं? निंबाले पाहून गेला."

"मग हाक का नाही मारली?"

"तूच त नको म्हने. डबा मीच खाल्ला वापसीच्या गाडीत. तुह्या मायले सांगतलं, पोरगं पोटभर जेवलं."

सवयीची जागा नजरेला आधीच ठाऊक असते. ती तिकडेच धावते, तिथले चटकन टिपते आणि बाकीचे समोर असूनही सोडून देते. बायकोने चष्मा रोजच्या जागेवरून हातभर सरकवला, तरी तो मला सापडत नाही. परवा अमरावतीला गेलो. झाड आता नाही. तरीही गाडीतून उतरताच नजर तिथेच गेली, आणि तिथे उभा असलेला एक म्हातारा एवढ्या गर्दीत मला सर्वांआधी दिसला. इतकी वर्षे मी स्वतःला हेच कारण देत आलो. ते खरे आहे, पण पुरे नाही, आणि ते देत राहण्याचा आता मला थकवा आला आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून उरलेलेही लिहितो. त्या दिवशी फाटकाबाहेर तेच मित्र माझी वाट पाहत होते. झाडाखाली तुम्ही नाही हे पाहून मला सुटल्यासारखे वाटले. म्हणून मी मान वळवली नाही.

तुमचा धाकटा
अकोला, रविवार