चीनला दिलेली वाकळ

माय, तू शिवलेली वाकळ आज मी चीनला देऊन टाकली. चीन कुठे आहे हे तुला सांगणं अवघडच, तुझं जग वलगावपासून अमरावतीच्या भाजीबाजारापर्यंत. फार लांबचा देश आहे एवढं समज. शेजारचा जपान त्यात फौजा घेऊन शिरलाय आणि तिथली माणसं जागा सोडत नाहीत. इथे अकोल्यात त्यांच्यासाठी औषधं आणि उबेचे कपडे गोळा होताहेत. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, आपल्याच डोक्यावर इंग्रज बसलेला, तुम्हांला चीनचा एवढा पुळका कशाला? मी वर्तमानपत्रात वाचलेलं न्याय-अन्यायाचं काहीबाही बोलले. खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं, ते तुलाच ठाऊक आहे.

आपल्या वांग्यांच्या तुकड्याला लागून त्या शेजाऱ्याचं मोठं शेत. दर उन्हाळ्यात त्याचा वखर आपल्या धुऱ्याचा बांध कापत एक ओळ जास्तीची काढायचा. तू कुदळीनं माती परत ओढायचीस, आणि पाऊस पडला की हद्द दिसावी म्हणून धुऱ्यावर अंबाडी पेरायचीस. त्या वर्षी मात्र तू सरळ त्याच्या बैलांसमोर जाऊन बसलीस. मी भाकर घेऊन येते. तू अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवतेस. वाटेनं जाणारे थांबतात, बाईमाणसानं एवढं ताणू नये म्हणतात आणि चालू लागतात. मीही विचारते, एवढ्याशा मातीसाठी काहून बसली? तू माझ्याकडे न बघता म्हणतेस, "माती एवढुशीच हाय. पन आज मी सरकली तं उद्या कुठवर सरकू, हे कोन सांगन मले?"

त्या उन्हानं तू तापानं अंथरूण धरलंस आणि त्यानं वखर फिरवला. धुऱ्यावर पुन्हा अंबाडी पेरली गेली नाही, कारण तू उठलीच नाहीस. आता मला त्याचा राग येत नाही, थांबून निघून गेलेल्या भल्या माणसांचा येतो. कुणी भांडायला नको होतं. नुसतं तुझ्याजवळ येऊन बसलं असतं, तरी त्यानं बैल वळवले असते असं मला अजून वाटतं. मी होते, पण परकरातल्या पोरीला कोण मोजतो?

चीनमध्येही अशीच एखादी बाई आपल्या धुऱ्यावर बसली असेल. तिच्याजवळ जाऊन बसणं मला जमणार नाही, म्हणून वाकळ दिली. ती पोचेल की मुंबईच्या गोदीत कुजेल, देव जाणे. घडी घालताना मला रडू आलं. तुझ्या हाताचा सांभाराचा, कोथिंबिरीचा वास तिला येतोय असं वाटलं, खरं तर इतक्या धुण्यांनंतर कुठला वास राहतो. हे पत्र टाकायचं तरी कुठे? वलगावला तू नाहीस, आपल्या तुकड्यात त्याच्या कपाशीची पऱ्हाटी उभी आहे. एक मात्र सांगते. वाकळ मी सगळी नाही दिली. तुझ्या हिरव्या लुगड्याचा एक कोपरा उसवून ठेवून घेतला. वीतभरच आहे, पण तेवढा मला सोडता आला नाही.