रोझॅनची पाठ

ओंटारिओ, ऑगस्ट १९९०

लाडक्या आईस,

पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, आधी बस. माझं वजन दोन पौंडांनी वाढलंय!

शिबिरात सगळेच माझ्यासारखे सिस्टिक फायब्रोसिसचे, जन्मापासून छातीत कफ साठणारे, त्यामुळे खोकले तरी कुणी वळून बघत नाही. सकाळी एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

रोझॅनला मात्र यंदा येऊ दिलं नाही. तिच्या थुंकीत तो वाईट जंतू निघाला, एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत जाणारा. माझी थुंकी स्वच्छ आहे, दोनदा तपासलीय. काल ती फाटकापाशी येऊन ओरडली, "घाबरटांनो, चावत नाही मी!" आम्ही लांबूनच हात हलवले.

तो जंतू आणखी कुणात असला तर, म्हणून आज शिबिर चालू ठेवायचं का, यावर मतं घेतली. डेरिल म्हणाला, "घरात एकटं बसून चार वर्षं जास्त जगायचं, ते कशाला?" त्याचं खोटं नाही. पण यंदा सहा-सहा वर्षांची पोरं आलीत, आई. मी 'बंद करा' म्हणून हात वर केला. पुन्हा विचारलं तरी करीन.

सात उन्हाळे याच हाताने रोझॅनची पाठ थापटली. आता कोण थापटतं, तिच्या घरी फोन करून विचारशील?

तुझीच,
ग्लेनिस