पायांनी केलेलं पाठांतर

ता. ६ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण माझं फोनवरचं बोलणं तुला माहीतच आहे. इतकी वर्षं विंगेत उभं राहून लोकांना त्यांची वाक्यं पुरवली, की आता समोर माणूस दिसला नाही की माझा आवाज आपोआप खाली जातो, आणि तू बिचारी पलीकडून हॅलो हॅलो करत बसतेस.

तर बातमी अशी की आमच्या हौशी मंडळाच्या कुजबुजबाईला, म्हणजे तुझ्या आत्याला, चक्क भूमिका मिळाली आहे! दिग्दर्शक, म्हणजे आपले कोपऱ्यावरचे चष्मेवाले, त्यांनीच विचारलं. भूमिका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची आहे. मी त्यांना म्हटलं की झोपून राहायला मी एका पायावर तयार आहे. तिचा मुलगा बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि ती त्याला चांगलं फैलावर घेते. मुलगा म्हणजे आमचे दातवाले डॉक्टर. त्यांनी मागे माझी दाढ उपटली होती, त्यामुळे रागावणं मला जड जाणार नाही.

जड जातंय ते पाठांतर. मला वाटलं होतं, दुसऱ्यांची एवढी नाटकं तोंडपाठ असताना स्वतःची चार पानं म्हणजे काय मोठंसं. पण ती नाटकं तोंडपाठ नव्हतीच गं, हातातल्या वहीत होती. वही मिटली की समोर भिंत. सकाळी पाठ केलेलं दुपारी पार पुसलेलं असतं. शिवाय पलंग रंगमंचाच्या मधोमध आहे, विंगेतली कुजबुज तिथवर पोचणार नाही.

खरं सांगू? मला नाटकाची भीती नाही. मला तुझ्या आजीची आठवण येते. शेवटी शेवटी ती मला नर्सबाई म्हणायची आणि पाणी दिलं की अगदी परक्यासारखे आभार मानायची. तिची सुरुवातही अशीच झाली होती, ओट्यापाशी उभी राहून कशाला आलो ते आठवत राहायची. माझ्याच्यानं ही चार पानं पाठ झाली तर मी समजेन की माझं तसं होत नाहीये. नाही झाली, तर काय समजायचं ते तू सांग. तू मेंदूच्या कारखान्यात नोकरी करतेस. गोड बोलू नकोस, खरं लिही. दादाला यातलं अक्षर कळवू नकोस, तो तडक गाडी काढून येईल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


ता. १४ जानेवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

खरं लिही म्हणालीस, म्हणून आधी खरं. आजीसारखं होतंय की नाही हे मला इथून सांगता येणार नाही, आणि चार पानांवरून तर कुणालाच नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. दातवाल्या नव्हे, खऱ्या. तेवढं माझ्यासाठी कर.

आता माझ्या कारखान्यातलं. आमच्याकडे उंदरांची दोन घरं आहेत. एका घरात नुसता भुसा, खाणं आणि पाणी. दुसऱ्यात तेच सगळं, वर एक फिरतं चाक. चाकाच्या घरातले उंदीर कुणी न सांगता पळत सुटतात, उतरतात, खातात, पुन्हा पळतात. नंतर आम्ही मेंदूचा एक चिमुकला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. नवं लक्षात ठेवायला तो फार लागतो. तिथल्या नव्यानं जन्मलेल्या पेशी आम्ही रंगवतो, त्या हिरव्या चमकतात. नुसत्या बसलेल्यांच्यात त्या इथे एक, तिथे एक. पळणाऱ्यांच्यात मात्र अंधारात दिवे लागल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नळी तशीच हातात धरून उभी राहिले होते.

पण तू उंदीर नाहीस. मोठ्या माणसांच्या मेंदूत अशा नव्या पेशी होतात का, आणि किती, यावर शहाण्या माणसांची अजून भांडणं चालू आहेत. मात्र नियमानं भरभर चालणाऱ्या माणसांची स्मरणशक्ती अधिक चांगली टिकते असं दिसलंय, पेशींमुळे असो नाहीतर रक्तपुरवठ्यामुळे. तेव्हा रोज चाल. रमतगमत नाही, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. आणि चालताना पाठ कर, रिकामी चालू नकोस.

बाबांना काही सांगितलेलं नाही. तुझी माया माझ्या डब्यात रोज असतेच, झाकण उघडलं की वास येतो.

तुझी भिंगरी


ता. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मला उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं आणि शेवटी म्हणाले की आत्ता तरी काळजीचं काही दिसत नाही. बाकीचं सगळं सोडून मी आत्ता तरी हे दोनच शब्द घरी घेऊन आले, असा माझा स्वभाव.

पण चालणं सुरू केलंय. आमच्या मागच्या बागेत गोल वाट आहे ना, तिथे. पहिल्या दिवशी एका फेरीत माझी शिटी वाजली. आता फेऱ्यांवर फेऱ्या होतात. वाक्यं मोठ्यानं म्हणावी लागतात, नाहीतर ती कुजबुजीतच राहतात. काल मी हातवारे करत म्हणत होते की खिडकी उघडा, मी अजून मेलेले नाही. बाकावरची एक भली बाई धावत आली, माझा दंड धरला आणि विचारू लागली की घरी कोण कोण असतं. तिला नाटकाचं समजावता समजावता माझी एक फेरी वाया गेली. आता ती रोज बाकावर बसून पुढे काय झालं ते विचारते.

आणि अगं, पाठ होतंय! कारंज्यापाशी मुलगा दारात येतो, घसरगुंडीपाशी मी त्याला ओळखत नसल्याचं नाटक करते, आणि चढावर आले की फैलावर घेते. दम लागलेला असतो, त्यामुळे राग अगदी खरा वाटतो.

आता तुझं. दादाच्या पत्रावरून कळलं की तू दिवसभर स्टुलावर बसून त्या नळकांड्यात डोळा घालून असतेस आणि तुझी कंबर धरली आहे. वा! उंदीर पळणार, आत्या पळणार, आणि बाईसाहेब बसून मोजणार. तुला भिंगरी हे नाव काय उगाच ठेवलं होतं का आम्ही?

जीव लावून असावं, आणि कधी तरी पायही हलवावेत.

तुझी आत्या


ता. १० फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. पकडले गेले. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं, आणि आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या साहेबीणबाईंनी, लिफ्टच्या दारावर माझ्यासाठी चिठ्ठी लावली की ही लिफ्ट फक्त बसलेल्या उंदरांसाठी आहे. तेव्हापासून जिना. वर पोचते तेव्हा मला माझं नाव आठवत नाही, पण दुपारची झोप उडाली आहे, हे कबूल.

तू वाक्यं म्हणत चालतेस हे फार चांगलं. उंदरांमध्ये नव्या पेशी जन्मतात खूप, पण त्यातल्या बऱ्याच काही आठवड्यांत मरून जातात. काही तरी नवं आणि थोडं कठीण शिकावं लागलं की त्यातल्या जास्त तगतात. त्यांना जन्मल्याबरोबर काम हवं असतं. तू त्यांना एक अख्खी खाष्ट म्हातारी दिली आहेस. तुझ्या डोक्यात अशा पेशी असतील तर त्यांची बसायची बिशाद नाही.

तुझ्या आशीर्वादाच्या फेऱ्या माझ्याभोवती अशाच चालू दे.

तुझी भिंगरी


ता. ५ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आज थोडक्यात लिहिते.

काल पहिल्यांदा पलंगासकट तालीम झाली. मला झोपवलं, हनुवटीपर्यंत पांघरूण घातलं, दातवाले दारात आले. पहिलं वाक्य म्हटलं आणि पुढे काही नाही. विसरले असंसुद्धा नाही, तिथे कधी काही नव्हतंच असं वाटलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. आदल्याच संध्याकाळी बागेत सगळं धडाधड म्हटलं होतं गं, बाकावरची बाई साक्षीदार आहे. चष्मेवाले रागावले नाहीत, त्यानंच जास्त लागलं. म्हणाले की पुढच्या रविवारी बघू, नाहीच जमलं तर त्यांची बहीण करेल, वाक्यं कमी करून.

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिले. तुझ्या आजीचंही असंच होतं. सकाळी लख्ख असायची आणि दुपारी कुणी कापडानं पुसून घेतल्यासारखी. डॉक्टरांचं ते आत्ता संपलं असं समजायचं का?

उत्तराची घाई नाही, असं लिहिणार होते. पण आहे.

तुझी आत्या


ता. ८ मार्च

आत्या, अगं आत्या,

नमस्कार वगैरे शेवटी. आधी हे वाच: तू काहीही विसरलेली नाहीस!

चूक माझी आहे. चालताना पाठ कर एवढंच मी सांगितलं आणि पुढचं सांगायचं राहिलं. माणूस जिथे आणि जसं शिकतो, ते सगळं आठवणीला चिकटून येतं. तुझा मुलगा कारंज्यापाशी दारात येतो. तुझा राग चढावर आहे. आणि तुला सपाट झोपवून, पाय बांधल्यासारखे ठेवून, वर पांघरूण घालून विचारलं की बाई, चढ कुठे आहे? वाक्यं डोक्यात आहेत, फक्त त्यांची वाट पायांत आहे. आजीला सकाळचं दुपारी कुठेच सापडायचं नाही. तुझं बागेत सापडतं. जा आणि खात्री कर. आणि तरीही तुझं समाधान झालं नाही तर डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ, मी येते.

आता असं कर. चालणं सोडू नकोस. पण फिरून आलीस की लगेच पलंगावर आडवी हो आणि तेच म्हण. मग खुर्चीत म्हण, भांडी घासताना म्हण. सगळीकडे पेरून ठेव म्हणजे कुठेही उगवेल. आणि रविवारी अगदीच अडलं तर पांघरुणाखाली पाय हलव. कुणाला दिसणार आहे?

साष्टांग नमस्कार, जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांसह.

तुझी भिंगरी


ता. २९ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेकोत्तम आशीर्वाद. दादाच्या आजारपणामुळे तुला प्रयोगाला येता आलं नाही, पण आता तो उठून बसलाय आणि कुरकुरतोय हे वाचून जिवात जीव आला. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

रविवारची तालीम निभावली हे तुला कळवलंच होतं. पाय हलवले. दातवाले नंतर म्हणाले की पांघरुणात मांजर आहे असं वाटत होतं. पुढे पुढे पायांशिवायही जमू लागलं. झोपून, बसून, आंघोळीच्या वेळी, कुठेही.

तर प्रयोग. सभागृह भरलं होतं, बाकावरची बाई पहिल्या रांगेत. कारंजं झालं, घसरगुंडी झाली, चढ लागला. बोट उगारून मुलाला झापते आहे, आवाज तापलाय, आणि ऐन अर्ध्या रागात सगळं गेलं. पाय हलवले, काही नाही. आणखी हलवले, पलंग कुरकुरला, काही नाही. इतके महिने ज्याला भीत होते ते माझ्या उशाशी येऊन बसलं, तेही सगळ्या गावासमोर.

मग मी काय केलं माहीत आहे? खरं तेच बोलले. उगारलेल्या बोटाकडे बघितलं आणि दातवाल्यांना म्हटलं की बाळा, मी कशासाठी रागावले होते तेच विसरले बघ. सभागृह असं हसलं की पडदा हलला. पण दातवाले हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, पलंगाला लावून बसले, माझं ते बोट हातात घेतलं आणि म्हणाले की आई, काही घाई नाही, आठवेल तेव्हा रागाव, मी इथेच आहे. हे कुठल्याही वहीत नव्हतं. हसणारं सभागृह एकदम गप्प झालं. आणि त्या गप्पपणात, भिंगरी, मला अजिबात भीती वाटली नाही. आजी मला नर्सबाई म्हणायची तेव्हा तिचा चेहरा शांत असायचा. घाबरलेला चेहरा माझा असायचा. हे मला त्या पलंगावर पडल्या पडल्या कळलं. तेवढ्यात वाक्य आपलं आपण आलं, जसं काही चप्पल घालायला थांबलं होतं. मी उरलेला राग पूर्ण केला, सव्याज.

पुढे माझं काय होईल ते मला ठाऊक नाही, तुझ्या उंदरांनाही नाही. डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आले, ते पुन्हा म्हणाले की आत्ता तरी ठीक. या खेपेला मला ते दोन शब्द पुरेसे वाटले. बाग चालूच आहे. बाकावरची बाईही आता उठून बरोबर चालते आणि मला दमवते.

एक नवीच पंचाईत मात्र झाली आहे. चष्मेवाल्यांना ते विसरणं इतकं आवडलं की त्यांनी ते नाटकात कायमचं घातलं. पुढच्या महिन्यात बाहेरगावी प्रयोग आहे, आणि नेमकं कुठल्या शब्दावर विसरायचं ते मला काही केल्या पाठ होत नाहीये. ऐन वेळी सगळं धडाधड आठवतं आणि मी थांबायचीच राहून जाते. दातवाले खुर्ची ओढून बसतात आणि मी आपली बोलतेच आहे. कालच्या तालमीत चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले की बाई, तुमची स्मरणशक्ती जरा आवरा.

यावर तुमच्या कारखान्यात काही उपाय असेल तर उलट टपाली कळव. आणि दादाला धरून रोज थोडं चालव. तो नाही म्हणेल, तू ऐकू नकोस.

असाच जीव लावत राहा, मी आहे तोवर आणि नंतरही.

तुझी आत्या