कानात बोळे, गळ्यात ताशा

सोमवार, ७ जुलै

योगिनीला गैरहजर लावलं! पोरगी समोर बसलेली, तीनदा 'प्रेझेंट मॅडम' म्हणाली म्हणे, आणि मी गणिताची बाई, खुशाल फुली मारून पुढे गेले. तिची आई थेट हेडबाईंच्या खोलीत. मी म्हटलं, मुलगी हळू बोलते. तर अख्खी सातवी ब एका सुरात — नाही मॅडम, ती जोरात बोलली. फुली खोडली. काय करणार?

कानात कालपासून शिट्टी. रविवारी ढोल-ताशा पथकाचा सराव, सोमवारी शिट्टी, हे ठरलेलंच. पण पूर्वी ती पहिल्या तासापर्यंत जायची. आता मंगळवारीसुद्धा बाईसाहेबांचा मुक्काम असतो.

मंगळवार, ८ जुलै

जामबागहून घरी येताना ऑटोवाला काहीतरी विचारत होता, मी नुसती 'हौ, हौ' करत होते. शेवटी त्याने ऑटोच थांबवला. "क्या मॅडम, सुनाई नै देरा क्या?" बरोबरच विचारलं त्याने.

शनिवार, १२ जुलै

सिकंदराबादला त्रिवेणीकडे जाऊन आले. मावसबहिणीची मैत्रीण, कानांची तपासणी करते. उद्या बोनालूचा उत्सव, देवीची मिरवणूक, त्यामुळे अर्धे रस्ते आजच अडवलेले, उशीर झाला. तिने एका बंद खोलीत बसवून पीं पीं ऐकवली, ऐकू आलं की बटण दाबायचं. मग कागद दाखवला. रेघ छान सरळ चाललेली आणि एका जागी खड्डा. "हा तुमच्या ताशाचा," म्हणाली.

मी म्हटलं, मी कापूस घालते की. हसली. कापूस म्हणजे पावसात डोक्यावर रुमाल धरल्यासारखं, म्हणे. कानांना नीट काहीतरी लावा, नाहीतर ताशा खाली ठेवा. गेलेलं परत येत नसतं.

ताशा खाली ठेवा! वा! पन्नास ढोल आहेत आमच्याकडे, पण इशारा ताशाचा. ताशा उठला की सगळे ढोल ठेका बदलणार, तोवर नाही. आणि तो इशारा मी देते. सहा सप्टेंबरला विसर्जन. हुसेनसागरापर्यंत मीच देणार आहे.

घरी येऊन सौरभला सगळं सांगितलं. नवऱ्याचं पुणं इतक्या वर्षांत काही जात नाही. म्हणाला, "आमच्याकडे कोणी कानात काही घालत नाही." म्हटलं, तुमच्याकडे कोणी ऐकतही नाही कोणाचं.

रविवार, १३ जुलै

फजिती. काल येताना राणीगंजच्या हार्डवेअरच्या दुकानातून फोमचे बोळे आणले होते. तिथे दोन प्रकार, मी आपले जास्त आवाज कापणारे घेतले. गणिताच्या बाईला जास्त म्हणजे चांगलं एवढंच कळतं! सरावाला घातले आणि वाटलं, गोधडी पांघरून कोणीतरी लांब गल्लीत वाजवतंय. स्वतःचाच ताशा ऐकू येईना. म्हणून आणखी जोरात मारला. मग आणखी. एक काडी मोडली, मनगट सुजलं. पथकप्रमुख युवराज लांबून ओरडून काहीतरी सांगत होता, तेही कळलं नाही. मागाहून कळलं — 'ताई, हळू' म्हणत होता.

बुधवार, १६ जुलै

सौरभचे ऑफिसचे मोठे हेडफोन घालून गच्चीवर पाहिलं. प्रत्येक फटक्याला आत आवाज चालू-बंद, चालू-बंद. घाम फुटला, घसरून गळ्यात आले. खालच्या मजल्यावरच्या आजी कपडे वाळत घालता घालता मनसोक्त हसल्या.

शनिवार, १९ जुलै

पुन्हा त्रिवेणी. फोमची कथा ऐकून म्हणाली, सगळे असंच करतात. वाजवणाऱ्याने सगळ्यात जाड बोळा घ्यायचाच नसतो. तो वरचे स्वर गिळतो, ठेका तेवढा ढब ढब उरतो, मग माणूस आणखी जोरात वाजवतो. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे प्लग असतात. त्यात बारीक फिल्टर असतं, सगळे आवाज सारखेच खाली आणतं. म्हणजे गाणं तेच, फक्त आवाजाचं बटण कमी केलेलं. ताशा कानाजवळ आणि कर्कश, म्हणून मला त्यातलं जरा मोठं फिल्टर, पण सगळ्यात मोठं नाही. आणि स्वतःच्या कानाच्या साच्याचे घेतले तर मिरवणुकीत पडायची भीती नाही.

साचा घेताना कानात गुलाबी लगदा भरला. गार! बोलायचं नाही, हसायचं नाही, जबडा हलवायचा नाही. बीजगणिताच्या तासाला माझी मुलं अशीच बसतात.

रविवार, ३ ऑगस्ट

प्लग आले! सरावाला घातले. सुरुवातीला माझाच श्वास डोक्यात घुमला, जरा घाबरले. मग ताशा घेतला.

काय सांगू. सगळं ऐकू आलं. माझी काडी ऐकू आली, तिसऱ्या रांगेतला एक ढोल मागे पडतोय ते ऐकू आलं, पितळी टोलचा घणघणाट ऐकू आला. सगळं जागच्या जागी, फक्त अंगावर धावून येत नव्हतं. हातही हलका पडला, मनगट दुखलं नाही. थोडं रडूही आलं, खरं सांगते. मला वाटलं होतं, एवढाच गणपती, मग ताशा भिंतीवर टांगायचा.

सौरभ नेहमीच्या जागी, माझ्या डाव्या हाताला, पहिल्या ढोलावर. मान वळवून माझ्याकडे बघत वाजवत होता. पोरं त्याला चिडवतात, "काका, काकू पळून नाही जात!" मला आवडतं. इथे लिहायला काय जातंय.

सोमवार, ४ ऑगस्ट

शिट्टी नाही! हजेरी घेतली, एकूण एक 'प्रेझेंट' ऐकू आलं. योगिनीचं सगळ्यात आधी. खरंच जोरात बोलते पोरगी.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

युवराजने सगळ्या पथकासाठी तयार फिल्टरचे प्लग मागवले. साच्याचे नाहीत, पण चांगले आहेत. पोरं हौसेने रंग निवडतायत, जणू बांगड्याच. नको म्हणणारा एकच — आमचे हे. "माझे कान ठणठणीत आहेत." अडेलतट्टू! मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगणार.

रविवार, १० ऑगस्ट

त्रिवेणी सराव बघायला आली. तिने आणखी एक सांगितलं. नुसते प्लग नकोत, अंतरही हवं. ताशेवाल्यांना ढोलांच्या मधून काढून मागे उभं करा, म्हणजे शेजारच्यांच्या कानांवर थेट मारा होणार नाही. युवराजला पटलं. सौरभला नाही. सगळ्यांसमोर वाद घातला — मिरवणुकीचा रिवाज आहे, ताशा मधेच पाहिजे, असं न तसं. हा माणूस कधी वाद घालत नाही. मला आपलं वाटलं, शेजार सुटतो म्हणून. गोडच वाटलं थोडं.

रविवार, १७ ऑगस्ट

आज आम्ही ताशेवाले मागे. मी इशारा दिला, सगळ्यांनी ठेका बदलला, सौरभ जुन्यावरच! पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग बघते तर मान वाकवून शेजाऱ्याच्या टिपरूकडे, ढोलाच्या काठीकडे बघतोय आणि त्याच्या मागोमाग मारतोय. पहिला ढोल! गाडीत मी बोलले. नको तितकं बोलले. तो गाडी चालवत राहिला.

सोमवार, १८ ऑगस्ट

संध्याकाळी सौरभ ओट्याशी लसूण सोलत होता. उजव्या हाताशीच वॉशिंग मशीन. कपडे झाले, ते पीं पीं करायला लागलं. हा सोलतोच आहे. मशीन ओरडतंय, हा सोलतोय. मी दारात उभी होते. आजवर मला वाटायचं, आळशी आहे, बंद करायचं माझ्यावर ढकलतो. पाठीमागून चहा विचारला तर उत्तर नाही, त्याचंही मला काही वाटायचं नाही. नवरे ऐकत नाहीतच!

मी जाऊन मशीन बंद केलं. त्याने वर बघितलं आणि हसला.

रविवार, २४ ऑगस्ट

आठवडाभर धीर झाला नाही. आज सरावाला गेलो नाही. समोर बसले आणि विचारलं, कधीपासून?

तो लगेच म्हणाला, मागच्या गणपतीच्या आधीपासून. वाटच बघत असल्यासारखा. "एरवी भागतं गं. पण ढोलांच्या गदारोळात ताशा सापडत नाही मला. तुझ्या काड्या बघतो आणि वाजवतो."

म्हणजे ते बघणं! मी मेली समजत होते प्रेम आहे. असं म्हटलं तर म्हणाला, "ते पण आहे." हसलोच दोघं. मग मला रडू आलं आणि त्याने पाणी आणून दिलं.

सांगितलं का नाहीस, विचारलं. "सांगितलं असतं तर तू ताशा सोडला असतास." मी कायकू ताशा सोडू? मी तर त्याचा ढोल काढून घेतला असता! तसं म्हटलं, तर तो पेला विसळायला उठून गेला.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक त्याने वळले, माझ्याहून सुबक. आरतीला झांज मी जरा लांबच धरली.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज त्याला त्रिवेणीकडे नेलं. डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे, उजवा बराच गेलाय. तिने विचारलं, वाजवताना उजव्या बाजूला काय असतं? सौरभ म्हणाला, काही नाही, रस्ता.

"मी असते," मी म्हटलं.

त्रिवेणीने त्याच्या दोन्ही कानांचे साचे घेतले, तोवर वापरायला तयार प्लग दिले. लिफ्टमध्ये मला त्याच्याकडे बघवेना. त्यानेच माझा हात धरून मला डाव्या बाजूला घेतलं.

"शनिवारी मिरवणुकीत मागे, पण इकडे उभी राहा," म्हणाला. "इकडून तू ऐकू येतेस."