सातव्या मनोऱ्यावरचा अभिप्राय

अण्णा,

आज सकाळी आईने कापडावर आखलेले तुमचे खेळाचे सातही मनोरे पलंगाखालच्या ट्रंकेतून बाहेर काढले. खालच्या मजल्यावरच्या बंगाली वहिनींना मुलगी झाली आहे आणि तिच्यासाठी आईला झबली शिवायची आहेत. नकाशे काढायचे हे ट्रेसिंगचे कापड उकळत्या पाण्यात टाकले की वरची खळ सुटते आणि आत तलम सुती कापड उरते, हे तुम्हीच तिला दाखवले होते. तुमच्या गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या रद्द नकाशांचे रुमाल आपण कितीतरी वर्षे वापरले. "दहा वर्षांत कुणी खेळलंय का? नुसती झुरळांची सोय!" असे म्हणत तिने स्टोव्हवर पातेले चढवले आणि गुंडाळ्या उलगडायला मला बसवले. सातवी गुंडाळी उलगडताना तिच्यातून एक चिठ्ठी पडली. तिच्यामुळे हे लिहीत आहे.

नागपूरची मराठी शाळा आणि तिथला पहिला नंबर सोडून आपण कलकत्त्याला गार्डन रीचच्या क्वार्टरात आलो, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नव्या शाळेत मी तोंड उघडत नसे. त्या वर्षी गणपतीला घरी येणाऱ्या मराठी मंडळींसाठी तुम्ही पहिला मनोरा काढलात. माझ्याशी कोणीतरी खेळावे म्हणून तो काढला, असा मला तेव्हापासून संशय आहे. तुम्ही ते कधी कबूल केले नाहीत. जहाजाचा छेद काढावा तसा उभा चिरलेला मनोरा. मजल्यामजल्यावर घरे आखलेल्या फळ्या, फळ्यांमध्ये फटी, शिड्या, वरून घरंगळणारी पिंपे आणि तळाशी हुगळी. शर्टाचे बटण म्हणजे आपला खलाशी. सहा कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जायचे. फट एकाच दानात ओलांडली पाहिजे, नाही तर खलाशी नदीत. दर गणपतीला नवा मनोरा, नव्या युक्त्या. तिसऱ्या वर्षापर्यंत बालीगंजहून लोक दोन बस बदलून येऊ लागले. दर्शनाला येतात की मनोऱ्याला, हे आई कधी विचारत नसे. मोदक मात्र मोजून करी.

आणि मग ती भांडणे. बँकेतले काका दर वर्षी एकच वाक्य घेऊन येत, "पहिल्याची सर नाही हो! तिथे पडलो की थेट हुगळीत. आता काय, मजल्यामजल्यावर गाद्या घालून ठेवल्यात. पोरं लाडावतात अशानं." कलकत्त्यातच जन्मलेली डॉक्टरांची मुलगी, माझ्याच वयाची, त्यांच्यावर उसळे, "काका, तुम्हाला पडायलाच आवडते! चौथावालाच बेस्ट होता. पाचवा एकदम बाजे." बाजे म्हणजे टाकाऊ, हे तोवर आम्हा सर्वांना बंगाल्यांइतकेच पाठ झाले होते. आई मोदकांचे ताट ठेवता ठेवता म्हणे, "चौथ्याची शाई माझ्या चादरीवर सांडली, तेव्हा चौथा तर माझ्याही लक्षात आहे." मी कोपऱ्यात बसून ऐकते आहे. माझे मत कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही याचे मला मनापासून बरे वाटते आहे.

माझ्यासारख्यांसाठीच बहुधा तुम्ही चिठ्ठ्यांची रीत पाडलीत. खेळ संपला की प्रत्येकाने एक अभिप्राय लिहायचा, खाली नाव घालायचे नाही, बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. आरतीनंतर तुम्ही सर्वांसमोर तो डबा वाचत असा, आणि वाचून झाल्यावर चिठ्ठ्या आईच्या शेगडीत जात, अक्षरावरून कोणी कोणाला ओळखू नये म्हणून. तोंडदेखले लिहिणाऱ्याचा तुम्हाला तिटकारा होता. एकदा मी "फारच सुंदर" एवढेच लिहिले, तेव्हा घरी कोणी नसताना तुम्ही म्हणालात, "नकाशा तपासणारा सुंदर म्हणून मोकळा झाला, तर जहाज बुडतं. कोरी चिठ्ठी टाकलीस तरी चालेल मला."

सातव्या वर्षी तुम्ही चहाचा पेला दोन्ही हातांनी धरू लागला होतात. ऑफिसात तुम्हाला आखणीवरून काढून तपासणीवर बसवले होते. घरात याविषयी एक अक्षर कोणी बोलत नव्हते. सातवा मनोरा काढायला तुम्हाला चार महिने लागले. त्याच्या शिड्या पाण्यात पाहिल्यासारख्या हलत होत्या. आणि पाचव्या मजल्यावरची फट ओलांडायला सात घरांचे दान लागत होते. कवड्या सहाच. त्या दिवशी सर्व खलाशी पाचव्या मजल्यावर जाऊन थांबले. तेवढ्यात काका म्हणाले, "अहो, पाचव्यावर दोन दानं एकत्र धरायची ना? मघाशी ठरलं की!" असे काहीही ठरलेले नव्हते. मला तो टोमणा वाटला.

आरतीनंतर तुम्ही डबा उघडलात. अकरा चिठ्ठ्या, अकराही गोड. कोणी शिड्यांना नक्षी म्हटले होते. तुम्ही त्या एकसुरात वाचत गेलात आणि बारावी उघडून जरा थांबलात. मग वाचलेत, "मनोरेवाल्याचा हात गेला आहे. त्याने आता थांबावे, हे बरे." काका ताडकन उठले. "कोणी लिहिलं हे? समोर या की!" तुम्ही हसून म्हणालात, "नाव विचारायचं नाही, हा नियम आहे. अभिप्राय शिरसावंद्य." चिठ्ठी खिशात गेली. पुढचा गणपती तुम्ही पाहिला नाहीत.

त्यानंतर दहा वर्षे मी त्या घरात बसलेल्या प्रत्येक माणसाला पुनःपुन्हा बसवून पाहिले. डॉक्टरांच्या मुलीला मराठीत इतके सरळ वाक्य जुळवता आले नसते, म्हणून ती सुटली. आईवरही माझा संशय होता, हे आज लिहिताना हात अडतो. तुम्ही दमता म्हणून तिने तसे लिहिले असेल, असे मी तिच्या बाजूने मांडूनही पाहिले होते. पण फिरून फिरून मी काकांवरच येई. वर्षानुवर्षे पहिल्याची सर नाही म्हणणारा, त्या दिवशी टोमणा मारणारा, आणि वर सर्वांआधी उठून ओरडणारा; चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय? त्यांची नागपूरला बदली झाली तेव्हा ते निरोप घ्यायला या घरी आले होते. बाहेरून मला हाक मारली, "अगं विदुषी, काकाला नमस्कार तरी करशील की नाही?" मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसून राहिले. आईने सांगितले, तिचे डोके दुखते आहे. ते बराच वेळ बसले आणि चहा न घेता गेले.

त्या वर्षी माझी स्वतःची चिठ्ठी वाचली गेली नव्हती, हे मला तेव्हाच जाणवले होते. मुलीने केलेली स्तुती चारचौघांत वाचायला तुम्ही संकोचला असाल, असे धरून मी ती गोष्ट बाजूला ठेवली. जिच्यावर संशय घ्यायला हवा होता, तेवढी एकच गोष्ट मी तपासली नाही.

आज गुंडाळीतून पडलेल्या चिठ्ठीत माझे अक्षर आहे. "सातही मनोऱ्यांत हा सर्वश्रेष्ठ आहे. रेषा पूर्वीपेक्षा अधिक डौलदार आहेत. कुठेही उणे नाही." शेगडीत न जाता तुमच्या खिशात गेली ती हीच; हिच्यावर नजर ठेवून तुम्ही ते थांबण्याचे वाक्य वाचलेत. ते कोणीच लिहिले नव्हते. आई मागून वाकून म्हणाली, "तुझंच अक्षर ना हे?" मी हो म्हटले. तिने आणखी काही विचारले नाही, पण तिलाही काहीतरी माहीत असावे असे मला वाटते, आणि विचारायचे धैर्य होत नाही. माझी धरून बारा खोट्यांनंतर एक खरे ऐकू यावे, एवढेच तुम्हाला हवे होते? की माझे खोटे माझ्याच कागदावरून दुरुस्त करून दाखवायचे होते? माझी चिठ्ठी तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलीत की ती योगायोगाने राहिली? आणि शेगडीत का टाकली नाहीत? जपून ठेवलेली वस्तू माणूस प्रेमाने ठेवतो की पुरावा म्हणून, हे नुसत्या वस्तूकडे पाहून कळत नाही.

काकांचा नागपूरचा पत्ता आईकडे आहे. त्यांना मी अजून काही लिहिलेले नाही. आधी तुम्हाला लिहायला बसले, कारण हे पत्र कुठे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पातेल्यातले पाणी उकळले आहे, आई हाका मारते आहे. सहा मनोरे भिजत पडले आहेत, सातवा अजून माझ्या मांडीवर आहे.

अण्णा, गणपतीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला हाक मारून म्हणाला होतात, "तुझी नजर चांगली आहे, पाचव्या मजल्यावरची फट एकदा मोजून बघ." मी बोट ठेवून मोजली. सात भरली. तुमचा हात तेव्हा पट्टीवर होता आणि पट्टी थरथरत होती. मी म्हणाले, सहा आहेत, बरोबर आहे.