मिरची खाल्लेला माणूस

मंगळवार, संध्याकाळ. जालन्याच्या दवाखान्यातला बाक.

ते चित्र मीच मागवलं होतं. गुलाबी चेहऱ्याचा, पिवळा गॉगल लावलेला माणूस हिरवी मिरची चावतोय आणि त्याचं तोंड पार डाव्या कानाकडे गेलंय. हॉलमध्ये टांगलं तेव्हापासून हे दुकानातून आले की त्याच्याखाली उभे राहून तसंच तोंड करायचे. पोरगी हसून लोळायची.

आजही उभे राहिले. तोंड डावीकडे.

"आई, पाह्य ना, बाबा आज लय हुबेहूब करून राह्यले!"

मीही हसले. "बस झालं, चहा घ्या," म्हटलं. त्यांनी कप ओठाला लावला आणि सगळा चहा सदऱ्यावर ओघळला. तरी मी हसतच होते. काऊन नाही कळलं मले?

इथे डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, "तोंड केव्हापासून वाकडं आहे?" काय सांगू? आम्ही हसत होतो तेव्हापासून?

घरून, देऊळगाव राजाहून, आत्ता पोरीचा फोन आला, शेजारणीच्या मोबाईलवरून. "आई, बाबाले सांग ना, मी नाही हसत आता. तोंड सरळ करा म्हणावं."