मुराळ्याची ओमनी

।। श्री बसवेश्वर प्रसन्न ।।
हुपरी, २८ जुलै १९९९

ती. सौ. आक्काला सिद्धूचे शरणार्थ, वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या घालू नको, आधी कारण ऐक. आपल्या वडापच्या ओमनीत मी साऊंड बसवलाय! कोल्हापुरात एका ठोकलेल्या गाडीतले दोन सबवूफर आन् ॲम्प्लिफायर भंगारवाल्याकडं आलते. एकाची कडा फाटलेली, ती कृष्णातनं पंक्चरचं सोल्यूशन लावून चिकटवली. प्लायवूडची पेटीबी त्यानंच ठोकली. दोस्त असावा तर असा. बॅटरीवरनं जाड वायर ओढली, तर गाण्यात इंजिनाची कुईकुई यायला लागली. रंग खरवडून अर्थिंगची वायर पत्र्याला आवळली तवा कुठं गप्प झाली. आता असा दणका हाय की पॅसेंजर म्हणत्यात, पावणं, आवाज बारीक करा न्हायतर आम्ही उतरतो. अव्वा तर म्हणती, शेजारणीच्या फळीवरची भांडी पडत्यात.

आन् हे सगळं कुणासाठी? गेल्या साली मी मुराळी म्हणून एस्टीनं आलतो, तर तुझ्या सासूनं चार बायकांत विचारलं, हा भाऊ हाय का भाजीवाला. मी विसरलो न्हाय. औंदा पंचमीला तुला न्यायला मी गाडी वाजवत येणार. महादेवीचा भाऊ आलाय म्हणून सगळी गल्ली बाहेर आली पायजे. १४ तारखेला, शनिवारी येतो.

कळावं. माया हाय ती वाढीव.
तुझा,
सिद्धू


निपाणी, ४ ऑगस्ट १९९९

चि. सिद्धू यास आक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या तानाबाईंच्या नावानं घातलंस ते बरं केलंस, आमच्या घरात माझं पत्र मला सगळ्यांच्या शेवटी मिळतं. वाचून चुलीपुढं एकटीच हसले. गणितात दोनदा गचकलेला माझा भाऊ अर्थिंग शिकला म्हणायचा! अव्वाच्या डोळ्यांत औषध घालतोस ना? का तेही कृष्णातच घालतो?

पण राजा, आवाज बारीक ठेव. मला मिरवायचं नाही, मला यायचं आहे. गाडी बंद पडली तर चालत ये, पण ये. तुला आणि अव्वाला काही सांगायचं आहे, ते पत्रात लिहवत नाही. यंदा आले की मी परत इथं यायची नाही. अव्वाला हे आत्ताच बोलू नको, ती हाय खाईल. मी दोन लुगडी आणि पोथी एका पिशवीत बांधून ठेवली आहे.

कळावे. अव्वाच्या पायांना माझा हात लाव.
तुझी,
आक्का


हुपरी, १७ ऑगस्ट १९९९

सौ. महादेवी हिला,

आज आक्का म्हणवत न्हाय. चालत ये म्हणून तूच लिवलंस, परत यायची न्हाय म्हणून तूच लिवलंस, आन् आदल्या दिवशी गोकाकला नणंदेकडं निघून गेलीस? तुझ्या सासूनं हसत हसत सांगितलं. दाजी उंबऱ्यात आडवे उभे, आत ये म्हणालेसुदीक न्हाईत. मी म्हटलं, असं कसं, माझी बहीण वाट बघत असणार. तर सासू म्हणाली, तिला माहेराचं कौतुक राहिलं न्हाय आता.

सगळी गल्ली जमलीती. पोरं गाडीमागं नाचत होती. माझं तोंड एवढंसं झालं, आन् ते कुणाला दिसू नये म्हणून मी आवाज बंद केला न्हाय, उलट वाढवला. तसाच वाजवत माघारी आलो. निपाणी सुटल्यावर बंद केला आन् रडलो.

अव्वा लाह्या करून दारात बसलीती. रिकामी गाडी बघून लाह्यांची परात उचलून आत गेली. झोका बांधलेला, तो तसाच लोंबतोय. कळावं. तुला आमची माया असली तर कळीव, नसली तर तसं कळीव.

सिद्धराम


निपाणी, २२ ऑगस्ट १९९९

चि. सिद्धू यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावू नको रे. नणंदेला बरं नव्हतं, अचानक जावं लागलं, निरोप द्यायला सवड मिळाली नाही. चूक माझीच. आधीच्या पत्रात मी काहीबाही लिहिलं ते मनावर घेऊ नको, बाईमाणसाला कधी कधी येतं तसं मनात. अव्वाला सांग, दिवाळीला बघू. अक्षर वाकडं आलं आहे, हाताला जरा भाजलं आहे, काळजीचं काही नाही.

तू मात्र किती वाळलास! तो निळा शर्ट खांद्यावरून नुसता लटकत होता. वडापच्या नादात जेवत नाहीस का? आणि आप्पा म्हणायचे ती कन्नड वचनं कोपऱ्यावरून पहिल्यांदा लावलीस, त्यानं ऊर भरून आला. आप्पा असते तर, असं वाटलं.

कळावे. आक्कावर रागव, पण तिला टाकू नको.
तुझी,
आक्का


हुपरी, २६ ऑगस्ट १९९९

आक्का,

वि. वि. आज राहू दे. तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवत होतो. निळ्या शर्टापाशी आलो तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, थांब, परत वाच. परत वाचलं. मग अव्वा म्हणाली, सिद्धू, पोरगी घरात होती रे.

तू गोकाकला होतीस तर माझा शर्ट कुणी बघितला? वचनं कुणी ऐकली? आक्का, मी तुझ्या दारात उभा होतो! आपल्या दोघांत एक भिंत होती, आन् मी गल्लीला ऐश दाखवत होतो. मला माझीच लाज वाटती. पेटी रस्त्यात फेकली, वायरी हातानं उपटल्या, बोटं कापली तर बरं वाटलं.

आत्ताच निघालो असतो. पण अव्वा म्हणती, न विचारता गेलास तर परत दारातनं लावतील आन् मार तिला बसल. म्हणून विचारतो. कृष्णात टेम्पो घेऊन तानाबाईंच्यात आलाय, तुझा जबाब घेतल्याबिगर हलणार न्हाय. लपवू नको. त्या दिवशी तू मला हाक मारलीतीस का?

सिद्धू


निपाणी, २६ ऑगस्ट

चि. सिद्धू,

मारली होती.

आदल्या रात्री ह्यांनी मारलं, तोंड सुजलं. असलं तोंड माहेराला दाखवायचं नाही म्हणून सासूबाईंनी मागच्या खोलीत घालून कडी लावली. कोपऱ्यावर वचनं ऐकू आली आणि मी केस बांधले, पिशवी जवळ घेतली. वाटलं, सुटले. दाराच्या फटीतून थेट तू दिसत होतास. मी सिद्धू, सिद्धू म्हणून ओरडले, दार बडवलं. एकदा तू मान वळवलीस. मला वाटलं, ऐकलंस. मग तू गाडीत हात घालून आवाज वाढवलास.

तुझा दोष नाही, बाळा. माझ्याचसाठी वाजवत होतास, ते मला ठाऊक आहे. तरी त्या वेळी फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तू गेल्यावर, ओरडले म्हणून पुन्हा मार बसला. कानांवर बसला. तेव्हापासून आत नुसतं घुंई वाजतं, दुसरं काही ऐकू येत नाही. तानाबाई बोलतात ते ओठांकडं बघून समजून घेते.

उद्याच ये. अव्वाला आण, कृष्णातला आण, भावकीतली चार माणसं आण. पण ते पुन्हा मी गोकाकला गेले म्हणतील, आणि तू आलास हे मला आत कळणारसुद्धा नाही. म्हणून ह्या वेळी दारात उभा राहून विचारू नको.

माझी माया आहे तशीच आहे. तू आत ये.

तुझी,
आक्का